अवयवांचा वृक्ष
(जळगाव जामोद येथील शिक्षकांच्या सभेतील भाषण)



वर्गात ७२ चे मूळ अवयव काढावयास सांगितले. एका मुलाने पाटीवर ७२ खाली ८ व ९ अशा दोन फांद्या काढल्या. शेजारच्या मुलीने ६ व १२ काढल्या. फळ्यावर मात्र २ व ३६ होते. दोघांच्याही पाटीवर फुली पडली. वस्तुतः दोघांचेही बरोबर होते. अशा एका फुलीने मुलाचा समज होतो की, गणितात विचार करावयाचा नसून फळ्यावरचे उतरून घ्यावयाचे असते.

रीत सोपी आहे. संख्येखाली १ व ती संख्या सोडून कोणतेही दोन अवयव मांडावेत. अवयव मूळ असल्यास त्याभोवती वर्तुळ करावे. संयुक्त असल्यास पुन्हा फांद्या काढाव्यात. सर्व टोकांना वर्तुळे पडली की वृक्ष पुरा झाला. मुलाच्या ८ व ९ मधून आणि मुलीच्या ६ व १२ मधून शेवटी २×२×२×३×३ हेच निघते. वाटा निराळ्या, मुक्काम एकच. हाच अंकगणिताचा मूलभूत सिद्धांत होय. १ ला मूळ संख्या का मानीत नाहीत, हेही येथेच उमगते : १ ची फांदी हवी तितक्या वेळा काढता येईल आणि वृक्ष कधी संपणारच नाही.

मुलांची नेहमीची चूक म्हणजे विषम संख्येला मूळ समजणे. ५१ म्हणजे ३×१७ आणि ९१ म्हणजे ७×१३. म्हणून वर्तुळ करण्यापूर्वी भागून पाहण्याची सवय लावावी. १२१ हून लहान संख्येस २, ३, ५, ७ यांची परीक्षा पुरते.

उदाहरणे परिसरातील घ्यावीत. ७२ व ६० संत्र्यांचे, एकही न उरता, सारखे व मोठ्यात मोठे ढीग करावयाचे आहेत. ६० = २×२×३×५. दोन्ही वृक्षांतील सामाईक टोके २, २, ३. म्हणून ढीग १२ चा. मसावि असा हाती लागतो.

देवळालीच्या शाळेत शिकविणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्यामुळे ६१७४ ही संख्या जगात प्रसिद्ध झाली. तिच्या एका वृक्षात ६३ व ९८, दुसऱ्यात १८ व ३४३ घ्यावेत. दोन्हीकडे २×३×३×७×७×७ येते. एका शालेय शिक्षकाने संख्यांशी केलेली ही मैत्री मुलांना अवश्य सांगावी.

तेव्हा फुली मारण्यापूर्वी मुलाकडून टोकांचा गुणाकार करवून घ्यावा. मूळची संख्या परत आली आणि प्रत्येक टोक मूळ असले, तर वृक्ष कसाही वाढलेला असो, तो बरोबरच आहे.