विजेची गाडी आणि आमचा रविवारचा अभ्यास

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



आम्ही काही इंजिनिअर नव्हे. बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर. तरीही कार्यकारिणीने आम्हांस विजेच्या गाड्यांवर बोलायला उभे केले, याचे कारण एक ई-रिक्षा आहे.

आपल्या वस्तीतल्या एका तरुणाने कर्ज काढून ई-रिक्षा घेतली. मुदत तीन वर्षे. सीटखाली बारा-बारा व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या. नागपूरचा एक उन्हाळा निघाला आणि दुसऱ्या पावसाळ्यात गाडी दुपारीच दम टाकू लागली. बॅटऱ्या गेल्या, हप्ते मात्र चालू. कर्जाचा अर्ज आमच्याच टेबलावरून गेला होता. कागदपत्रे चोख होती. बॅटरी किती दिवस टिकेल, असा रकाना अर्जात नव्हता आणि आम्हीही विचारले नाही. ही गोष्ट आम्हांस लागली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण सभागृहात बसतो. त्यात रिक्षाचालक आहेत, एक वायरमन आहेत, आयटीआयची मुले आहेत.

आरंभ वीजबिलापासून केला. एक किलोवॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट. 2020 साली आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटांची होती. घरातल्या 15 ॲम्पिअरच्या सॉकेटमधून तासाला साधारण तीन युनिटे मिळतात. गाडी भरायला किती वेळ? नववीतल्या मुलीने फळ्यावर दहा तास लिहिले, तेव्हा आमचे वयस्क सभासद म्हणाले, "म्हणजे रात्री लावायची, सकाळी काढायची." इतके सोपे आहे ते, पण ज्याला स्वतःची पार्किंगची जागा आहे त्याच्यासाठी. गल्लीत गाडी लावणाऱ्याने वायर कुठून ओढायची?

ही गाडी नवी आहे, हा समजही आमचा होता. 1899 साली ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती. बेल्जियमचा कामिय जेनात्झी ती चालवत होता. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, 1912 साली कॅडिलॅकमध्ये बटणावर चालू होणारा स्टार्टर आला, हँडल फिरवण्याचा त्रास गेला आणि विजेची मोटार मागे पडली. तिला परत आणले लिथियम-आयन बॅटरीने. त्या कामाबद्दल 2019 साली तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता कामाचे. लेड-ॲसिड बॅटरी काही शेकडो वेळा भरता येते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची दोन हजारांच्या आसपास, आणि ती उष्णताही अधिक सोसते. किंमत अर्थातच जास्त. 2022 च्या उन्हाळ्यात देशात काही विजेच्या स्कूटर पेटल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. म्हणून जुनी किंवा जोडजाड केलेली बॅटरी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. आणि दुकानात पहिला प्रश्न हा विचारा : बॅटरीची लेखी हमी कर्जाच्या मुदतीइतकी आहे का? 'चालते हो, काही होत नाही' हे उत्तर धरू नका.

एका रविवारी कोराडीहून माहेरपणाला आलेल्या ताई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमची गाडी धूर सोडत नाही, तो आमच्याकडे निघतो. राखही आमच्याच वाळवणावर पडते." आम्ही पुस्तकी उत्तर दिले : पेट्रोल इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णतेतच वाया जाते, मोटरीत फार थोडी. हिशेब खरा आहे. ताईंना तो पटलाही. पण राखेचे काय, यावर आमच्यापैकी कोणालाच बोलता आले नाही. छतावरच्या सौर पॅनेलांचा विषय त्या दिवसापासून आमच्या वहीत आला आहे.

त्या तरुणाचे अकरा हप्ते अजून बाकी आहेत. मेहुण्याकडून हातउसने घेऊन त्याने नव्या बॅटऱ्या बसवल्या. लिथियमच्या परवडल्या नाहीत, पुन्हा लेडच्याच घेतल्या. दुपारी तासभर गाडी भरता आली तर त्याच्या दोन फेऱ्या वाढतील. सभागृहाच्या मीटरवर स्वतंत्र सॉकेट द्यावे, असा अर्ज आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे. वायरमन बंधूंनी अर्थिंग तपासून खर्चाचा अंदाजही जोडला आहे. सभासदांनी त्यावर आजच बोलावे, ही विनंती. विद्यार्थ्यांनी रविवारी साडेनऊला यावे. येताना घरचे वीजबिल आणावे.