आरोग्याच्या बैठकीतली आपली जागा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरच्या कोणी विदुषी येऊन आपल्याला चार शब्द सांगतात. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. परंतु घरातली आजारपणे काढता काढता बाईला जे कळते ते, आणि गेले वर्षभर मंडळाच्या वाचनवर्गात जे वाचले ते, अशी दोन्हीची मोट बांधून मी आज बोलणार आहे.

माझा प्रश्न साधा आहे. लोकांच्या आरोग्याची व्यवस्था कशी असावी, हे कोणी ठरवावे?

आपण म्हणाल, यात विचारायचे काय? डॉक्टरांनी ठरवावे. दुखणे त्यांना कळते, औषध त्यांना कळते. हे खरेच आहे. पण दुखणे घरात येते कोठून? पाण्यातून येते, मोरीतून येते, अपुऱ्या जेवणातून येते, दमट खोलीतून येते. पाणी इंजिनिअरच्या हाती, धान्य शेतकऱ्याच्या व सरकारच्या हाती, पैसा हिशेबनिसाच्या हाती, आणि शहाणपण शिकवणे मास्तरांच्या हाती. मग एकटा डॉक्टर काय करील? घरच्या लग्नात आचारी कितीही चांगला असो, पंगत किती पानांची आहे हे त्याला कोणी सांगितलेच नाही, तर भात उरतो तरी किंवा कमी तरी पडतो. तशातली गत होते.

ही गोष्ट आपल्या देशात थोर माणसांच्या ध्यानात फार पूर्वी आली होती. माझी पुतणी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. तिच्या पुस्तकात 'भोर समिती' हे नाव पुन्हा पुन्हा येते. भोर म्हटले की आपल्याला पुण्याजवळचे गाव आठवते, पण इथे ते आडनाव आहे. सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व पुढे विलायतेत झाले. ते मोठे सरकारी अधिकारी होते, डॉक्टर नव्हते. तरीही १९४३ च्या ऑक्टोबरात हिंदुस्थानच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. दुसरे महायुद्ध चालू होते व बंगालमध्ये त्याच वर्षी भयंकर दुष्काळ पडला होता. अशा दिवसांत ही मंडळी कामाला बसली.

समितीत कोण कोण होते ते ऐका. डॉक्टर तर होतेच. मद्रासचे डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार होते. पण त्यांच्या शेजारी कायद्याचे जाणकार पंडित पी. एन. सप्रू होते. मुंबईच्या श्रीमती शफी तय्यबजी होत्या. आणि आपल्या कोकणातले नारायण मल्हार जोशी होते. ना. म. जोशी म्हणजे गिरणी कामगारांचे पुढारी, ज्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली व १९२० साली कामगारांची अखिल भारतीय संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. चाळीतल्या एका खोलीत किती माणसे राहतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. परदेशांतूनही सल्लागार आले. त्यांत वैद्यकाच्या इतिहासाचे अभ्यासक डॉ. हेन्री सिगरिस्ट होते. शिवाय सार्वजनिक आरोग्य, औषधोपचार, वैद्यकीय शिक्षण, संशोधन व कामगारांचे आरोग्य अशा पाच विषयांसाठी वेगळ्या सल्लागार समित्या केल्या होत्या.

१९४६ साली चार खंडांचा अहवाल निघाला. त्यातले आकडे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. १९३७ साली जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १६२ मुले वर्षाच्या आत जात होती. माणसाचे सरासरी आयुष्य सुमारे २७ वर्षांचे होते. सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. दरवर्षी सुमारे दोन लाख बाया बाळंतपणात दगावत होत्या. आपल्या आज्या पाचव्या महिन्यापासून देवाला नवस का बोलत, ते या आकड्यांवरून कळते.

आता या सर्वांनी मिळून सांगितले काय? पहिले असे की, पैसा नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये. दुसरे असे की, रोग बरा करणे व रोग होऊ न देणे ही दोन्ही कामे एकाच केंद्रातून व्हावीत. तोवर दवाखाना एका खात्याकडे व लस टोचणे, सफाई दुसऱ्या खात्याकडे, असा प्रकार होता. सुरुवातीला दर ४०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावे, त्यात दोन डॉक्टर, परिचारिका, चार प्रसूतिसेविका, चार शिकवलेल्या सुइणी व दोन स्वच्छता निरीक्षक असावेत, असे त्यांनी लिहिले. घरे, पाणी, सकस आहार, शाळेतील मुलांची तपासणी यांवरही अहवालात लिहिले आहे. आणि प्रत्येक गावात पाचसात जणांची आरोग्य समिती असावी, म्हणजे गावाने स्वतः हात लावावा, असेही सांगितले. नुसते डॉक्टर बसले असते तर चांगली इस्पितळे मागितली असती. कामगारांचा माणूस, कायद्याचा माणूस, कारभाराचा माणूस सोबत होता, म्हणून मागणे एवढे मोठे झाले.

सगळ्यांचे सगळे जमले असे मात्र नाही. कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले डॉक्टर पुढेही तयार करावेत की नाही, यावर वाद झाला व काही सदस्यांनी आपले वेगळे मत अहवालात नोंदवले. मला यात वावगे वाटत नाही. चार जावा एका स्वयंपाकघरात असल्या की मीठ किती यावर शब्द होणारच. वाद झाला तरी सगळ्या एका पंगतीला जेवतात ना, हे पाहायचे.

पुढे १९५२ साली समूहविकास योजना सुरू झाली, तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्यकेंद्रे निघू लागली. समितीने मागितली होती तितकी माणसे व तितका पैसा त्यांना मिळाला नाही. तरी आज गावोगाव जे आरोग्यकेंद्र दिसते त्याचे मूळ तिथे आहे. दर हजारी १६२ हा बालमृत्यूचा आकडा २०२० साली २८ वर आला, यात लस, पाणी, अन्न, शिक्षण अशा अनेकांचा हात आहे.

पण भगिनींनो, त्या समितीत एक जागा रिकामी होती. सुइणींविषयी त्यांनी पुष्कळ लिहिले, पण समितीत सुईण नव्हती. पाणी भरणारी, चूल पेटवणारी, आजाऱ्याच्या उशाशी जागणारी खेड्यातली बाई तिथे नव्हती.

ती जागा भरली तर काय होते, ते आपल्याच महाराष्ट्रात दिसले. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे जोडपे आले. दोघेही डॉक्टर. ते औषध द्यायला आले, पण लोकांनी आधी पाणी व अन्न मागितले. डॉक्टरांनी ते ऐकले. विहिरींची, शेतीची माणसे त्यांनी जोडली. आणि गावानेच निवडलेल्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. बाळंतपण करणे, अतिसार झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी देणे, गरोदर बाईवर लक्ष ठेवणे ही कामे त्या करू लागल्या. १९७८ साली रशियाच्या बाजूला अल्मा-आता येथे जगातील देशांची आरोग्य परिषद भरली. आरोग्य हे शेती, शिक्षण, घरबांधणी, पाणी या सर्व खात्यांचे मिळून काम आहे व लोकांचा त्यात सहभाग हवा, असे तिथे जाहीर झाले. जामखेडच्या बायांना ते आधीच उमगले होते.

आता हे सगळे दूरचे वाटेल. म्हणून आपल्या आळीतली गोष्ट सांगते. तीन वर्षांमागे पावसाळ्यात काविळीची साथ आली होती, ती तुम्हा सर्वांना आठवतच असेल. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून प्या. त्यांचे बरोबर होते. पाणीखात्याचे म्हणाले, टाकीतले पाणी तपासले आहे, ते स्वच्छ आहे. त्यांचेही खोटे नव्हते. गटाराकडचे म्हणाले, आमच्याकडे तक्रारच नाही. असे तीन आठवडे गेले. प्रत्येकाची वही स्वच्छ होती, आणि घरोघरी माणसे पिवळी पडत होती. त्यातच आपल्या आळीतली एक सून, सातवा महिना लागलेली, गेली. ही कावीळ गरोदर बाईला फार घातक असते, हे आम्हाला तेव्हा कळले.

त्यानंतर एका दुपारी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नळकामगाराला व आम्हा पाचसहा बायांना एकत्र बसवले. आम्ही सांगितले की, पहाटे नळ येतो तेव्हा पहिली दहा मिनिटे पाण्याला वास येतो, आणि तोही कोपऱ्यावरच्या चारच घरांपासून पुढे. एवढे ऐकताच नळकामगार उठला. तो म्हणाला, पाणी बंद असते तेव्हा नळी रिकामी असते, आणि चीर असेल तर बाजूचे गटार ती आत ओढून घेते. दुसऱ्या दिवशी खणले तर चीर तिथेच सापडली. डॉक्टरीणबाईंना रोग माहीत होता, नळकामगाराला नळी माहीत होती, आणि वास आम्हाला माहीत होता. तिघे तीन आठवडे आधी बसले असते तर कदाचित ती मुलगी आज इथे पहिल्या रांगेत मांडीवर लेकरू घेऊन बसली असती. कोणाला दोष देण्यासाठी मी हे बोलत नाही. बैठक घेण्याची रीत नव्हती, आणि आम्हीही आपण होऊन ती मागितली नव्हती.

तेव्हा आज माझे मागणे एवढेच आहे. २०१३ साली सुरू झालेल्या नागरी आरोग्य अभियानात वस्त्यांमधून महिला आरोग्य समित्या करण्याची तरतूद आहे. पन्नास ते शंभर घरांमागे एक समिती, आशाताई तिच्यात असतात, आणि वर्षाला ५,००० रुपयांचा निधी असतो. खेड्यांतही अशी ग्राम समिती असते. आपल्यापैकी किती जणींना हे ठाऊक होते? आपल्या पलीकडच्या वस्तीत ती समिती आहे का, तिच्या बैठका होतात का, याची चौकशी मंडळाने करावी. शिवाय आपल्या दोन सभासदांनी दर महिन्याला एक वही ठेवावी. पाणी केव्हा आले, वास होता का, कोणत्या घरी ताप, कोणत्या घरी जुलाब, कोण गरोदर आहे, एवढेच त्यात लिहावे. आणि तीन महिन्यांतून एकदा दवाखान्याच्या, पाण्याच्या व सफाईच्या माणसांना आपल्या या खोलीत चहाला बोलवावे. चहा आपला, वही आपली. बोलणे त्यांनी एकमेकांशी करायचे.

कोणी म्हणेल, मोठ्या शिकलेल्या लोकांपुढे आपण काय बोलणार? मी सातवी शिकलेली आहे. नळाला वास कधी येतो हे सांगायला सातवीसुद्धा लागत नाही. ते सांगणारी बाई बैठकीत हवी, एवढेच लागते.

वहीसाठी पहिल्या दोन महिन्यांचे नाव मी माझे देते. दुसरे नाव आज सभा संपायच्या आत चिटणीसबाईंकडे कोणीतरी द्यावे, ही विनंती करते व आपली रजा घेते.