लोणारचं पाणी आणि सराची बंदरं

मंडळी, बुलढाण्यापासून समुद्र लांब. तरीही फ्रान्समधल्या बंदरांच्या चित्रांवर मी इथं बोलणार आहे, कारण ती समजायला जे पाहिलेलं असावं लागतं ते तुम्ही पाहिलं आहे. जून 2020 आठवा. लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, हे संशोधकांनी सांगितलं. पण तो डोळ्यांत इतका भरला, त्यात काठच्या हिरव्या झाडीचाही वाटा होता. पांढऱ्या भिंतीपुढं तेच पाणी एवढं गुलाबी वाटलं नसतं.

शेजारच्या रंगानं रंग पालटतो, हा नियम रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी मांडला. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात ते रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही, अशी तक्रार आली. तपासलं तर रंगात खोट नव्हती; शेजारचे निळे-जांभळे धागे त्याचा काळेपणा मारत होते. त्यांचं पुस्तक 1839 मध्ये निघालं. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात धाग्याची ही गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते.

झॉर्झ सरा या चित्रकारानं हा नियम कुंचल्यावर घेतला आणि रंगांचे ठिपके शेजारीशेजारी ठेवून चित्रं रंगवली. ओंफ्लर 1886, पोर-आँ-बेसँ 1888, ग्राव्हलीन 1890 असे त्याचे उन्हाळे बंदरांत गेले. मार्च 1891 मध्ये तो गेला, तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांचा होता. बंदरच का? धक्क्याची आडवी रेघ, डोलकाठ्यांच्या उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये सतत बदलणारा उजेड, हे सगळं त्याला एकाच जागी मिळत होतं. मित्र पॉल सिन्याक तर स्वतः शिडाची होडी हाकणारा; तो 1892 मध्ये सँ-त्रोपेला पोचला. त्याचे ठिपके पुढं मोठे, चौकोनी होत गेले. मला मात्र सराचा संयम अधिक भावतो.

एक गैरसमज इथंच काढून टाकू. निळा-पिवळा ठिपका शेजारी ठेवला की लांबून हिरवा दिसतो, असं सर्रास सांगतात. प्रत्यक्षात तो बराचसा करडा पडतो. सराला हिरवा हवा तिथं तो हिरवाच लावतो आणि ऊन दाखवायला त्यात नारिंगी ठिपके पेरतो.

आपल्याकडं ही वाट नारायण श्रीधर बेंद्रे यांनी स्वतःची केली. 1910 मध्ये इंदूरला जन्म, 1950 पासून बडोद्यात अध्यापन, नंतर मुंबई. अनेक शैली हाताळून उत्तरायुष्यात ते बिंदूंकडं वळले. ठिपके तेच, पण त्यांतून खेड्यातल्या बायका आणि इथलं ऊन उभं राहिलं. आयती शैली उचलणं वेगळं आणि आपल्या उन्हावर ती पारखून घेणं वेगळं. बेंद्र्यांनी दुसरं केलं, म्हणून त्यांचं नाव मी आदरानं घेतो.

आता पडद्यावर ग्राव्हलीनचं चित्र पाहू. धक्क्यावर गलबताचा दोर बांधायचा तो खुंट दिसतोय ना? तिथून नजर कडेला न्या. चित्राभोवतीची ती ठिपक्यांची किनारही सरानंच रंगवली आहे.