सभेतला ‘आपण’



शाळेत मी सातवीपर्यंतच शिकलो. पुढले शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा वक्तृत्वाचे शास्त्र माझ्याकडून ऐकायला मिळेल अशी अपेक्षा करू नका. परंतु गेली तीस वर्षे भाषणे करून माणसे उठवण्याचे काम करतो आहे, आणि ते आतून कसे चालते एवढे सांगू शकेन.

मराठीत एक सोय आहे, ती इंग्रजीत नाही. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ‘आपण लढणार’ असे वक्ता म्हणतो, तेव्हा समोरच्याने अजून होकार दिलेला नसतो. व्याकरणाने तो परस्पर घेतलेला असतो. निवडणुकीच्या सभांत कान देऊन ऐका. मते मागताना ‘आपण’, रस्ता झाला की ‘मी’, आणि रस्ता वाहून गेला की ‘तुम्ही लक्ष ठेवायला हवे होते’!

कारखान्याच्या सूचनाफलकाची तऱ्हा याच्या उलट. ‘वीस कामगार कमी करण्यात येत आहेत.’ कोण करतो? कर्ता वाक्यातून पळालेला. तरुणपणी असा कागद मी प्रथम वाचला, तेव्हा रागवायचे कोणावर हेच आम्हांला कळेना.

अतिशयोक्तीला मात्र मी फारशी भीत नाही. आचार्य अत्रे संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून दहा हजार वर्षांचा हवाला देत. लोक हसत, कारण मोजमाप खोटे आहे हे दोघांनाही ठाऊक असे. उघड्यावरची अतिशयोक्ती फसवत नाही. फसवतो तो प्रश्न, ज्याचे उत्तर आधीच ठरलेले असते.

हे मी स्वतः केले आहे. जालना भागातल्या एका कारखान्याच्या फाटकावर मी विचारले, ‘हा अपमान गिळणार?’ ‘नाही!’ ‘पोरांना उपाशी ठेवणार?’ ‘नाही!’ ‘उद्या कामावर जाणार?’ त्याच ओघात तिसरा ‘नाही’ आला आणि संप ठरला. पहिल्या दोन प्रश्नांना दुसरे उत्तर नव्हते. तिसऱ्याला होते, पण ते सुचायला मी वेळच ठेवला नाही. मागून एका बाईने विचारले, ‘भाऊ, किती दिवस?’ मी म्हणालो, ‘ताई, लढाईत दिवस मोजत नसतात.’ टाळ्या पडल्या. बाई खाली बसली. सतरा दिवसांनी माणसे एकेक करून कामावर परतली. सहा जणांना परत घेतले नाही, त्यांत ती होती. पुढे बाजारात भेटली तेव्हा भांडली नाही. एवढेच म्हणाली, ‘भाऊ, तुम्ही मला उत्तर दिलं नव्हतं.’

त्यानंतर मी नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो. 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेत त्यांनी मांडलेल्या मागण्या पाहा: आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार. प्रत्येक मागणी घड्याळावर किंवा पंचांगावर बोट ठेवून दाखवता येते. 24 एप्रिल 1890 च्या सभेला सुमारे 10,000 कामगार होते, आणि तिथे दोन गिरणी-कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी रविवारची सुट्टी मिळाली. ती केवळ भाषणाने मिळाली असे मी म्हणणार नाही. मागे सहा वर्षांची अर्ज-विनंत्यांची चिकाटी होती. पण किती मिळणार आणि कधी, हे ऐकणाऱ्याला समजत होते.

हल्ली संपाचा विषय असला की मी भाषण संध्याकाळी करतो आणि हात दुसऱ्या दिवशी सकाळी मोजतो. मधली रात्र घरी चुलीपाशी जाते. किती दिवस, घरात धान्य किती, हरलो तर काय, हे आधी सांगतो. गेल्या खेपेला सकाळी निम्मेच हात वर आले. संप झाला नाही. काही तरुण पोरे माझ्यावर अजून रुसून आहेत.

माझे बोलणे झाले. आता प्रश्न घेऊ. आधी मागे बसलेल्या भगिनींचे.