फॉरमॅट मारण्याआधी



जुन्या लॅपटॉपला पुन्हा पळता करायचा एक सोपा उपाय म्हणजे रॅम वाढवणं. चार जीबीची आठ करायची, आठची सोळा. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात काय, काम थोड्या वेळाचं असतं. पहिला दिवस झकास जातो. मग व्हिडिओ कॉल रंगात आलेला असताना पडदा एकदम निळा होतो. दुसऱ्या दिवशी ब्राउझर आपणहून मिटतो. तिसऱ्यांदा लॅपटॉप काही न सांगता रिस्टार्ट होतो. दर वेळी पडद्यावरचा संदेश वेगळा. ओळखीतला कुणी जाणकार बघतो आणि निकाल देतो, "विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारून घ्या."

नेमक्या या वेळी हा सल्ला मानायचा नसतो. मानला तर नुकसान वाढतं.

का, ते कळायला रॅमच्या पोटात डोकवावं लागेल. आज प्रत्येक लॅपटॉपमध्ये ज्या प्रकारची मेमरी असते, तिचं पेटंट आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली मिळालं. कल्पना साधी होती. एका बिटसाठी एक खण, आणि त्या खणात एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असणं आणि नसणं, यातून एक आणि शून्य ठरतात. पण हा कपॅसिटर म्हणजे चीर गेलेला माठ, भरून ठेवला तरी झिरपत राहतो. म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक खण वाचून पुन्हा भरावा लागतो. आठ जीबीच्या रॅममध्ये असे सुमारे ६,९०० कोटी खण असतात. त्यातले दोन-चार जरा लवकर गळू लागले, की तिथे ठेवलेल्या एकाचा शून्य होतो.

आता त्या खराब खणात कधी काय ठेवलं जाईल याचा नेम नसतो. आज तिथे गाण्याचा तुकडा असेल, तर क्षणभर खरखर होईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. उद्या तिथे खुद्द विंडोजची आज्ञा असेल, तर सगळंच कोसळेल. दर वेळी वेगळी तक्रार येते ती यामुळे, आणि रॅमच्या दुखण्याची हीच ठळक खूण आहे. एकच प्रोग्रॅम दर वेळी एकाच ठिकाणी बंद पडत असेल, तर संशय आधी त्या प्रोग्रॅमवर घ्यावा. रॅम बदलल्यापासून कुठलंही काम, केव्हाही, कसंही बंद पडायला लागलं, तर आधी रॅमकडे बघावं.

फॉरमॅटचा धोका इथेच आहे. विंडोज नव्याने टाकताना हजारो फाइली रॅममधून जाऊन डिस्कवर उतरतात. वाटेत बिट उलटला, की ती चूक डिस्कवर कायमची लिहिली जाते. नवं कोरं विंडोज जन्मतःच आजारी. फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढतानाही हाच धोका असतो. म्हणून आधी नवी रॅम काढायची, मग बॅकअप घ्यायचा. हा क्रम सोडू नये.

रॅम काढणं अवघड नाही. लॅपटॉप पूर्ण शट डाउन करायचा, झोपवून ठेवायचा नाही. चार्जर काढायचा, बॅटरीची जोडणी सोडवायची आणि मग रॅमच्या पट्टीला, म्हणजे स्टिकला, हात लावायचा. जुनी रॅम होती तशी परत लावून काही दिवस नेहमीसारखं काम करावं. बंद पडणं थांबलं, तर दोष नव्या स्टिकमध्ये, स्लॉटमध्ये किंवा दोन स्टिकांच्या जोडीत आहे. मग एका वेळी एकच स्टिक, एका वेळी एकच स्लॉट, अशी आलटूनपालटून परीक्षा घ्यायची. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, की काहीच सिद्ध होत नाही. काही लॅपटॉपमध्ये थोडी रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते. तिथे फक्त वरून घातलेली स्टिक काढून बघता येते.

कित्येकदा स्टिक चांगली असते, पण त्या लॅपटॉपची नसते. डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांचं उदाहरण घ्या. दोन्हींना २०४ पिना, खाच एकाच जागी, दोन्ही एकाच स्लॉटमध्ये सहज बसतात. पण पहिलीला दीड व्होल्ट लागतात, दुसरी १.३५ व्होल्टवर चालते. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरांच्या लॅपटॉपांना ही कमी व्होल्टची रॅम लागते. तिथे जुनी दीड व्होल्टची स्टिक बसवली, तर पडदा काळाच राहतो किंवा लॅपटॉप चालता चालता मान टाकतो. डीडीआर४ ला २६० पिना असतात, त्यामुळे ती चुकीच्या स्लॉटमध्ये शिरतच नाही. डीडीआर३ च्या बाबतीत मात्र लेबलावरचं ते 'एल' अक्षर पाहूनच पैसे द्यावेत.

प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते. आपला वेग किती, व्होल्ट किती, हे ती लॅपटॉपला सांगते. दोन स्टिकांचे वेग वेगळे असतील, तर दोन्ही सहसा कमी वेगावर चालतात. बहुतेक वेळा निभतं, पण नेहमी नाही. एकेकटी नीट चालणारी स्टिक जोडीत अडखळत असेल, तर बायॉस अपडेट करून बघावं, नाहीतर सरळ एकाच कंपनीची जुळी जोडी घ्यावी.

पिनांवर खोडरबर घासायची पद्धत आपल्याकडे दुकानोदुकानी आहे. त्याने कधी कधी काम होतंही. पण पिनांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, तो झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं मऊ कापड केव्हाही बरं.

आता तपासणी. विंडोजमध्येच मेमरी डायग्नॉस्टिक नावाचं साधन आहे, सुरुवातीला ते पुरे. जास्त खोलात जायचं तर मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवावा. क्रिस ब्रेडी यांनी तो १९९४ साली लिहिला. एका फेरीवर विश्वास ठेवू नये, रात्रभर चालू द्यावा. एक जरी चूक दाखवली, तरी ती स्टिक नापास.

"एखादी चूक काय, होते कधीतरी," असं दुकानात ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवून दिलं, की चिपच्या वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अत्यल्प अंशातून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. अशी चूक एकदा होते आणि जाते. पण गूगलच्या सर्व्हरांवरच्या २००९ च्या अभ्यासात आढळलं, की बहुतेक चुका अशा येऊन जाणाऱ्या नसतात, मेमरीतच पक्का दोष असतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख संगणकांची माहिती तपासली. हार्डवेअरमुळे एकदा बंद पडलेला संगणक पुन्हा तसाच बंद पडण्याची शक्यता शंभरपटीपर्यंत वाढते, असं त्यांना दिसलं. वाट बघण्यात काही हशील नाही, ते यासाठी.

रॅमच्या स्टिकवर बहुधा अनेक वर्षांची वॉरंटी असते. तेव्हा बिल आणि वेष्टन जपून ठेवावं, तपासणीत लाल अक्षरांत आलेल्या चुकांचा मोबाइलवर फोटो काढावा आणि तो दाखवून स्टिक बदलून मागावी. विंडोजला तोवर हात लावू नये.