एका दिवसाची कोकणयात्रा आणि आपला मुखवटा
(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धारासाठी पुण्यातील वर्गणीदारांच्या कसबा पेठेत भरलेल्या सभेत केलेले भाषण)



मी व्याख्याता नाही. तहसील कचेरीत कारकून आहे, शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज वाचायचे आणि नोंदी करायच्या, एवढीच सवय. म्हणून जे सांगायचे ते लिहून आणले आहे. त्यात शेवटी एक अर्ज माझाही आहे.

आपल्यापैकी बरेच जण यात्रेला होते. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात हकिगत सांगतो. दिवस होता ८ फेब्रुवारी २०२५, माघ शुद्ध एकादशी, शनिवार, म्हणजे कचेरीला सुट्टी. गावाकडची मंडळी आदल्या रात्री इथे पेठेतच मुक्कामाला आली. पहाटे चारला गाडी सुटली. कसबा गणपतीचे देऊळ तेव्हा बंद होते, बाहेरूनच हात जोडले. एकूण माणसे ४६. प्रत्येकाने आपापले भाडे भरले; जीर्णोद्धाराच्या वर्गणीतला एक पैसाही यात्रेसाठी वापरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मुळशी मागे टाकून ताम्हिणी घाट उतरलो तेव्हा नुकते उजाडत होते. माणगावला चहासाठी पंधरा मिनिटे थांबायचे ठरले होते, तो तासभर झाला. उपवासाची खिचडी कुठे मिळते याचा शोध काही उत्साही मंडळींनी घेतला, तो नडला. कसा ते पुढे येईल.

पहिले दर्शन दिवेआगरच्या सुवर्णगणेशाचे. गाव पुरातन आहे. इथे सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मराठीतल्या जुन्यात जुन्या लेखांत गणला जातो. आमच्या कचेरीत शंभर वर्षांपूर्वीचे बाड काढायचे म्हटले तर पाने हातात गळून पडतात, आणि इथे साडेनऊशे वर्षांची नोंद तांब्यावर टिकली, याचे मला कौतुक वाटले. रूपनारायणाची मूर्तीही पाहण्यासारखी आहे, एकाच पाषाणात भोवती दशावतार कोरलेले. पण ज्यासाठी मी आज उभा आहे ती गोष्ट गणपतीच्या देवळातली.

नोव्हेंबर १९९७ मध्ये गावातल्या एका सुपारीच्या बागेत खणताना तांब्याची पेटी लागली. तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा आणि दागिने होते. मुखवटा सव्वा किलोहून अधिक वजनाचा. देवळात त्याची स्थापना झाली, लांबलांबून माणसे येऊ लागली, गावात चार घरांना रोजगार मिळाला. पुढे मार्च २०१२ मध्ये रात्री दरोडा पडला. देवळाच्या राखणीला असलेल्या दोघांचा खून करून दरोडेखोरांनी मुखवटा नेला आणि वितळवला. आरोपी पकडले गेले, २०१७ साली न्यायालयाने शिक्षा सुनावल्या, त्यांत काहींना जन्मठेप झाली. सोने परत मिळाले ते लगड होऊन. मुखवटा पुन्हा घडवून नोव्हेंबर २०२१ मध्ये बसवण्यात आला. देव परत आला. ते दोघे आले नाहीत.

ही हकिगत मी गाडीत सर्वांना मोठ्याने सांगितली. मला माहिती सांगण्याची हौस आहे, हे आपण जाणता. माझ्या शेजारच्या बाकावर आपले गुरवबाबा होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच विचारले, "दादा, ते दोघे रात्री कुठं झोपायचे?"

मला उत्तर देता आले नाही. कारण आपले गुरवबाबा कुठे झोपतात हे मला माहीत आहे, आपणा सर्वांनाही माहीत आहे. गाभाऱ्याबाहेरच्या पडवीत, एका घोंगडीवर, उशाला घंटेची दोरी. दाराला कडी आहे, ती माझ्या लहानपणापासून बसत नाही. आणि भैरवनाथाला चार किलो चांदीचा मुखवटा करावा, ही सूचना ग्रामसभेत कोणी मांडली होती? मीच. वहीत पहिला आकडाही माझाच आहे.

त्यानंतर समुद्राकाठच्या रस्त्याने श्रीवर्धनला आलो. पुणेकराला हे गाव परके नव्हे. बाळाजी विश्वनाथ भट इथलेच. १७१३ साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवाई दिली. लक्ष्मीनारायणाची मूर्ती सुरेख आहे. तिथल्या बागांतून ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाच्या खुणा अजून दिसतात. सुपारी लावली की उत्पन्नासाठी पाच-सात वर्षे वाट पाहावी लागते. एका दुपारीत ती उभीच्या उभी आडवी झाली होती. तरी लोकांनी पुन्हा रोपे लावली आहेत.

हरिहरेश्वरी आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव, असा दर्शनाचा क्रम आहे. आपलाही देव भैरवच, त्यामुळे मंडळींना आपल्या घरी आल्यासारखे वाटले. देवळामागे कातळ उतरून समुद्राच्या कडेने प्रदक्षिणा आहे, पण ती ओहोटीलाच होते. कोळी लोकांचा हिशेब असा : तिथीला तिनाने गुणावे, चाराने भागावे, की भरतीची वेळ येते. एकादशीला सव्वाआठ, म्हणजे ओहोटी दुपारी अडीचच्या सुमारास. हा हिशेब मी घरून करून नेला होता. पण आम्ही पोहोचलो साडेचारला! पाणी कातळावर चढत होते. काही तरणी पोरे तरी जातो म्हणाली. गुरवबाबांनी हात आडवा केला, "देवाला घाई नाही." वरूनच नमस्कार करून सारे माघारी फिरलो. खिचडीने प्रदक्षिणा बुडवली.

परतीच्या वाटेवर घाटात अंधार झाला. भजन चालू होते. मी मात्र मनात मुखवट्याच्या वर्गणीचा हिशेब घालत होतो.

आता माझा अर्ज. मुखवट्यासाठी म्हणून २३ जणांनी नावानिशी रक्कम दिली आहे. ती दुसऱ्या कामाला लावण्याचा अधिकार समितीला नाही, आणि मला तर नाहीच नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या हाताने लिहून द्यावे अशी विनंती आहे. त्या रकमेतून देवळाला सागवानी दार आणि पक्के कुलूप, सभामंडपावरची कौले, आणि देवळालगत गुरवबाबांसाठी दहा बाय दहाची एक खोली, आतून कडी लागणारी, एवढे काम बसते. अंदाजपत्रक खजिनदारांकडे आहे, कोणीही पाहावे.

काहींचा विरोध आहे हे मला ठाऊक आहे. एका माउलीने पायातले तोडे काढून दिले, ते देवाच्या अंगावर दिसावेत म्हणून. दाराच्या बिजागरीसाठी नव्हे. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू? ते तोडे मोडले जाणार नाहीत. बँकेच्या लॉकरमध्ये राहतील आणि चैत्रातल्या यात्रेला देवापुढे मांडले जातील. ज्यांना मुखवटाच हवा त्यांनी तसे मोकळेपणाने लिहावे, त्यांची रक्कम वेगळी ठेवू. ज्यांना परत हवी त्यांना परत देऊ, पावतीपुस्तक खजिनदारांपाशी आहे. माझी रक्कम दारासाठी लावावी असे मी लिहून दिले आहे, पण त्याचा कोणावर भार नसावा.

कागद मागच्या टेबलावर ठेवले आहेत, पेनही आहेत. हरिहरेश्वराचा अंगारा आणि श्रीवर्धनी रोठा सुपारी आणली आहे, जाताना प्रत्येकाने घ्यावी. गुरवबाबांनाही या सभेला बोलावले होते. सांजआरती चुकते म्हणून ते आले नाहीत.