बिनतारी माऊसची पारख

संगणकाच्या पडद्यावरील बाण फिरविण्यासाठी जे लहानसे यंत्र हाताखाली असते त्याला माऊस, म्हणजे उंदीर, हे नाव त्याच्या तारेच्या शेपटीवरून पडले, असे सांगतात. अमेरिकेतील डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली त्याचा पहिला नमुना तयार केला. तो लाकडी होता व त्याच्या तळाशी दोन चाके होती. पुढे लाकूड गेले, चाके गेली आणि बिनतारी माऊसची शेपटीही गेली. नाव मात्र राहिले.

मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, कचेरीचे घरी आणलेले काम, या साऱ्यांत हे यंत्र आज नित्याचे झाले आहे. दुकानात ते काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळते. सामान्य कुटुंबापुढे प्रश्न असा की, थोडक्या पैशांत पुष्कळ दिवस टिकणारा माऊस ओळखावयाचा कसा? त्याचे उत्तर खोक्यावरील मोठमोठ्या आकड्यांत नाही. जे भाग झिजतात अथवा हरवतात, ते आधी पाहिले पाहिजेत.

यंत्राच्या पोटात एक बारीक दिवा व एक डोळा असतो. हा डोळा टेबलाच्या पृष्ठभागाची चित्रे सेकंदास हजाराहून अधिक वेळा घेतो आणि त्यांतील फरकावरून हात कोणीकडे सरकला हे ठरवितो. ही वार्ता बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवरून संगणकाकडे जाते. म्हणजे प्रत्येक बिनतारी माऊस हे एक चिमुकले प्रक्षेपणकेंद्रच होय. या दोन्ही अंगांत घासणारे काही नसल्यामुळे ती सहसा बिघडत नाहीत. मात्र पारदर्शक काचेवर साध्या माऊसचा डोळा आंधळा होतो. तेथे खाली पुठ्ठा ठेवावा.

खोक्यावर डीपीआय म्हणून जो आकडा असतो, त्याचा अर्थ माऊस एक इंच सरकला असता किती पावले मोजतो, एवढाच. पावलागणिक बाण एक ठिपका पुढे गेला, तर १००० डीपीआयचा माऊस दोन इंचांहून कमी सरकविताच बाण १९२० ठिपक्यांचा सबंध पडदा ओलांडतो. मग घरकामास आठ हजारांचा आकडा कशाला? तो मोह म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

झिजते ती डावी कळ. दिवसास दोन हजार वेळा कळ दाबली, तर ३०० दिवसांत सहा लाख क्लिक होतात. पन्नास लाखांची ग्वाही असलेली कळ या हिशेबाने आठ वर्षे चालावी. परंतु धूळ व दमट हवा यांचा विचार हा हिशेब करीत नाही. आतील पत्र्याचा ताण ढिला झाला अथवा स्पर्शबिंदूंवर पुट चढले, की एकदा दाबूनही दोनदा दाबल्याप्रमाणे होते. फाईल नुसती निवडावयास जावे तो ती उघडते. त्यानंतर पाळी येते चाकाची. पान खाली जाताना मध्येच वर उडी मारू लागले, म्हणजे चाक थकले असे समजावे. वरचे रबरी आवरणही कालांतराने चिकट होते. साधे प्लॅस्टिक अधिक बरे.

सेलाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. आत कायमची बसविलेली बॅटरी थकली, की स्वस्त माऊस बहुधा टाकूनच द्यावा लागतो. बदलता येणारा एक पेन्सिल सेल असला तर ती अडचण येत नाही. सुटीत गावी जाताना मात्र सेल काढून ठेवावा. तो पाझरला तर आतील पत्रे गंजतात. नखाएवढा रिसीव्हर ठेवण्यासाठी पोटात खाच आहे ना, हेही पाहावे. पुष्कळ स्वस्त माऊसांना दुसरा रिसीव्हर जोडता येत नाही. तो हरवला, की चांगले यंत्र निरुपयोगी होते. बाण अडखळू लागला तर रिसीव्हर संगणकाच्या पाठीमागून काढून पुढे लावून पाहावा. पुष्कळदा दोष माऊसचा नसून जागेचा असतो.

दुकानात माऊस मुठीत धरून पाहावा. कळांचा आवाज दोन्हीकडे सारखा यावा, चाक डगमगू नये, सेलाचे झाकण घट्ट बसावे. घरात कोणी डावखुरे असेल तर दोन्ही बाजूंनी सारखा आकार घ्यावा. हमीची मुदत विचारावी आणि पावती जपून ठेवावी. समजा, ३५० रुपयांचा माऊस वर्षभर चालला व ७०० रुपयांचा तीन वर्षे, तर तीन वर्षांत पहिल्याचे १,०५० रुपये झाले. शिवाय दोन मोडकी यंत्रे कचऱ्यात वाढली. ज्याचा संगणक टेबलावरून हलतच नाही, त्याने तर तारेचाच माऊस घ्यावा. त्यास सेल लागत नाही, त्याचा रिसीव्हर हरवत नाही, आणि किंमतही बहुधा कमीच पडते.